फोटो डिस्कवर, प्रश्नचिन्ह कॅटलॉगमध्ये: नौपाड्यातल्या एका स्टुडिओचं प्रकरण

ठाण्यात नौपाड्यातला लग्नकार्यांचे फोटो काढणारा छोटा स्टुडिओ. मामा मालक, भाचा एडिटिंग बघतो. विंडोजचा एक डेस्कटॉप, त्यावर लाइटरूम क्लासिक, म्हणजे फोटो लावून ठेवायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर. त्याचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही) संगणकाच्या आतल्या एसएसडीवर आणि रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेले मूळ फोटो, ४ टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर. पहिलीवर २०१९ ते २०२२, दुसरीवर २०२३ ते २०२५. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, शिवाय गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचे फोटो. कॅटलॉगमध्ये एकूण ८६,३१२ नोंदी. रात्री दोन्ही डिस्क काढून कपाटात ठेवायच्या, सकाळी परत लावायच्या, असा शिरस्ता. पहिली लावली की ‘ई’ ड्राइव्ह दिसायचा, दुसरी लावली की ‘एफ’. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, विंडोजने आपणहून दिलेली अक्षरं होती आणि ती टिकून होती.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक सकाळीच पेन ड्राइव्ह घेऊन आलं. त्यातले चार फोटो छापून हवे होते. डिस्क अजून कपाटातच होत्या. पेन ड्राइव्ह लावला, काम झालं, पण तो संगणकालाच राहिला. मग नेहमीप्रमाणे पहिली डिस्क लावली, दुसरी लावली, लाइटरूम उघडलं. डावीकडच्या फोल्डरच्या यादीत सगळ्या वर्षांवर प्रश्नचिन्हं.

“मामा, चोवीसचं सगळं गेलं.”

“गेलं म्हणजे? डिस्कवर बघितलंस का?”

डिस्कवर सगळं जागेवर होतं. एक्सप्लोररमध्ये २०२४ चा फोल्डर उघडत होता, फाइल्स मोजून तेवढ्याच होत्या. या प्रकरणातलं हे पहिलं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं नुकसान फोटो हरवल्यामुळे झालं नाही. ते हरवले असं समजून केलेल्या कामामुळे झालं.

नेमकं बिघडलं काय

लाइटरूमचा कॅटलॉग हा एसक्यूलाइट प्रकारचा डेटाबेस आहे. त्यात फोटो नसतात. असतो तो फोटोचा पूर्ण पत्ता (ड्राइव्हचं अक्षर, फोल्डर, फाइलचं नाव) आणि त्या फोटोवर केलेलं सगळं काम: एडिट, क्रॉप, तारे, कीवर्ड, कलेक्शन. पत्ता चुकला की काम जागच्या जागी राहतं, फक्त ते कुठल्या फाइलवर लावायचं हे सॉफ्टवेअरला कळत नाही. पुनर्विकासात चाळ पाडून टॉवर झाल्यावर जुन्या खोली नंबरावर पत्र टाकावं, तशी गत. माणूस तिथेच आहे, नंबर बदललाय.

विंडोज बाहेरच्या डिस्कला पहिलं मोकळं अक्षर देतं आणि कुठलं अक्षर कुणाचं याची नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या वहीत) ठेवतं. एका अक्षरासमोर एकच नोंद राहते. त्या सकाळी दोन्ही डिस्क कपाटात असल्याने ‘ई’ मोकळं होतं, ते पेन ड्राइव्हला मिळालं आणि रजिस्ट्रीतली पहिल्या डिस्कची नोंद पुसली गेली. पहिली डिस्क आली तेव्हा ‘ई’ व्यापलेलं, पण ‘एफ’ मोकळं, कारण दुसरी अजून लागायची होती. म्हणून पहिली झाली ‘एफ’. दुसरी आली तर तिचं ‘एफ’ गेलेलं, ती झाली ‘जी’. तासाभराने पेन ड्राइव्ह काढला तरी काही सुधारलं नाही. दुसऱ्या दिवशी डिस्क पुन्हा लावल्या तेव्हाही ‘एफ’ आणि ‘जी’च आले, कारण नवी नोंद आता पक्की झाली होती. ‘काढून परत लाव’ हा घरगुती उपाय इथे लागू पडत नाही तो यामुळे.

भर म्हणजे दोन्ही डिस्कचं नाव एकच, फॉरमॅट करताना आपोआप पडलेलं ‘न्यू व्हॉल्यूम’. लाइटरूमच्या यादीत ड्राइव्हचं नाव आणि अक्षर शेजारी शेजारी दिसतं. नावं वेगळी असती तर अदलाबदल पहिल्या नजरेत कळली असती.

तीन दिवसांत झालेल्या चुका

भाच्याच्या डोक्यावर एका लग्नाच्या अल्बमची तारीख होती. त्याने इम्पोर्ट (फोटो कॅटलॉगमध्ये नोंदवायची खिडकी) उघडलं, ‘जी’ ड्राइव्हवरचा २०२४ चा फोल्डर निवडला आणि ‘ॲड’ दाबायला गेला. सगळे थंबनेल धूसर दिसत होते, निवडच होत नव्हती. उजवीकडे ‘डोन्ट इम्पोर्ट सस्पेक्टेड डुप्लिकेट्स’ या ओळीसमोर बरोबरची खूण होती. ती काढली, सगळे फोटो उजळले, इम्पोर्ट सुरू.

तो धूसरपणा हाच खरा पुरावा होता. फाइलचं नाव, फोटो काढल्याची वेळ आणि फाइलचा आकार जुळला की लाइटरूम ‘हा माझ्याकडे आधीच आहे’ असं समजतं. म्हणजे कॅटलॉग सांगत होता की सगळ्या नोंदी शाबूत आहेत. ती खूण काढली की सॉफ्टवेअर मुकाट्याने दुसरी नोंद बनवतं. ११,६४० फोटो दुसऱ्यांदा आत आले आणि एकूण आकडा ९७,९५२ झाला. आता २०२४ च्या प्रत्येक फोटोच्या दोन नोंदी: एक जुनी, पत्ता चुकलेली पण सगळं एडिट असलेली, आणि एक नवी, पत्ता बरोबर पण कोरी. पुढचे दोन दिवस भाच्याने अल्बमचे २१४ फोटो नव्या नोंदींवर नव्याने एडिट केले आणि प्रूफ गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवली.

तिसऱ्या दिवशी मामांनी ‘अल्बम निवड’ नावाचा फोल्डर उघडला. हा फोल्डर दोन्ही डिस्कवर त्याच नावाने होता. निवडलेल्या रॉ फाइल्स कॅमेऱ्याच्या मूळ नावाने त्यात कॉपी केलेल्या. या फोल्डरवर प्रश्नचिन्ह नव्हतं, म्हणून तो बरा आहे असं वाटलं. ग्रिडमध्ये, म्हणजे लाइटरूमने आधीच साठवलेल्या छोट्या चित्रांत, हळदीचा फोटो दिसत होता, पिवळी साडी, वाटीत बोटं. डेव्हलपमध्ये (एडिटिंगच्या भागात, जिथे खरी फाइल उघडते) उघडला आणि पडद्यावर आलं लेझीम: स्वागतयात्रेतला, काही वर्षांपूर्वीचा फोटो, हळदीच्या फोटोचा क्रॉप आणि रंग घेऊन.

झालं असं: कॅटलॉगमध्ये दुसऱ्या डिस्कच्या त्या फोल्डरचा पत्ता ‘एफ, अल्बम निवड’. आता ‘एफ’वर पहिली डिस्क बसली होती आणि तिच्यावरही त्याच नावाचा फोल्डर होता. कॅमेऱ्याचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, त्यामुळे काही वर्षांच्या अंतराने तीच नावं परत येतात. अशा ३१२ फाइल्सची नावं तंतोतंत जुळली आणि लाइटरूमने परकी फाइल आपली म्हणून उघडली. प्रश्नचिन्ह असलेला फोल्डर निदान खरं बोलतो. हा फोल्डर खोटं बोलत होता, आणि अख्ख्या प्रकरणात धोका इथेच सगळ्यात मोठा होता. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये एक्सएमपीत (एडिटची माहिती ठेवणाऱ्या, रॉ फाइलच्या शेजारच्या ‘साइडकार’ फाइलमध्ये) बदल आपोआप लिहायचा पर्याय चालू असता आणि मामांनी त्या फोटोवर एक स्लायडर जरी हलवला असता, तरी हळदीचं एडिट लेझीमच्या साइडकार फाइलवर लिहिलं गेलं असतं. इथे तो पर्याय बंद होता, म्हणून बचावले.

दुरुस्ती

पहिलं काम लाइटरूम पूर्ण बंद करणं आणि कॅटलॉगची प्रत काढणं. इथे एक बारकावा बहुतेकांकडून सुटतो. आवृत्ती ११ पासून कॅटलॉग एका फाइलचा राहिलेला नाही. एलआरकॅट फाइलच्या शेजारी एलआरकॅट-डेटा नावाची दुसरी असते आणि मास्कची, म्हणजे फोटोच्या ठरावीक भागापुरत्या एडिटची, माहिती तिच्यात असते. फक्त पहिली उचलली तर कॅटलॉग उघडेल, पण मास्कचं काम हाती लागणार नाही. म्हणून प्रिव्ह्यू आणि स्मार्ट प्रिव्ह्यूसकट अख्खा फोल्डरच दुसरीकडे कॉपी केला. सॉफ्टवेअर चालू असताना ही कॉपी काढू नये, डेटाबेस अर्धवट अवस्थेत पकडला जाऊ शकतो.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘रिअलोकेटेड सेक्टर’ (बिघडल्याने बदललेले भाग) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचायला अडणारे भाग) हे दोन आकडे पाहिले, दोन्ही डिस्कवर शून्य. पेंडिंगचा आकडा शून्य नसता तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डिस्क कॉपी करायला घ्यावी लागली असती.

आता मोह होतो तो जुनी अक्षरं परत देण्याचा. पहिलीला ‘ई’, दुसरीला ‘एफ’, की कॅटलॉगला हात न लावता प्रश्नचिन्हं जातील. साध्या प्रकरणात हा सगळ्यात झटपट मार्ग आहे आणि चुकीचाही नाही. इथे तो टाळला, दोन कारणांनी. एक, ‘ई’ आणि ‘एफ’ ही रांगेतली पहिली अक्षरं आहेत. पुढचा पेन ड्राइव्ह तीच पळवणार. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कॅटलॉगला आजवर कधीच माहीत नसलेली अक्षरं दिली की जुने सगळे पत्ते एकदम खोटे ठरतात, ‘अल्बम निवड’सुद्धा. सगळीकडे प्रामाणिक प्रश्नचिन्हं येतात आणि प्रत्येक फोल्डर आपण बघून, खात्रीने जोडतो. म्हणून पहिलीला ‘पी’ आणि दुसरीला ‘क्यू’ द्यायचं ठरलं.

पण अक्षरं बदलण्याआधी दुहेरी नोंदींचा निकाल लावणं भाग होतं. नव्या नोंदी असताना जुनी नोंद फाइलला जोडायला गेलं की लाइटरूम नकार देतं: ही फाइल कॅटलॉगमधल्या दुसऱ्या फोटोशी जोडलेली आहे, एका फाइलची एकच नोंद असू शकते. फोल्डर जोडायला गेलं तर दोन्ही एकत्र करू का, असं विचारत ‘मर्ज’चं बटण देतं. दुहेरी नोंदी साफ होईपर्यंत ते दाबू नये.

आधी भाच्याचे दोन दिवस वाचवायचे होते. ‘जी’च्या २०२४ फोल्डरपुरतं स्मार्ट कलेक्शन (नियमाप्रमाणे आपोआप भरणारा फोटोंचा गट) केलं, नियम ‘हॅज ॲडजस्टमेंट्स’. आले बरोबर २१४. (इम्पोर्ट करताना प्रीसेट, म्हणजे तयार एडिट, लावायची सवय असेल तर हा नियम निरुपयोगी, सगळेच फोटो एडिट केलेले दिसतात. मग एडिटच्या तारखेवर गाळावं लागतं.) ते निवडून ‘एक्स्पोर्ट ॲज कॅटलॉग’ने एक छोटा कॅटलॉग बनवला, मूळ फाइल्स सोबत घेण्याची खूण काढून.

नंतर नव्या नोंदी काढल्या, आणि हे फोटो निवडून डिलीट दाबून केलं नाही. डिलीटच्या खिडकीत ‘रिमूव्ह’ आणि ‘डिलीट फ्रॉम डिस्क’ ही बटणं शेजारी शेजारी असतात आणि घाईत दुसरं दाबलं की रॉ फाइलच जाते. त्याऐवजी फोल्डरच्या यादीत ‘जी’च्या २०२४ वर राइट क्लिक करून ‘रिमूव्ह’. या वाटेने फक्त कॅटलॉगमधली नोंद जाते, डिस्कला हात लागत नाही. आकडा पुन्हा ८६,३१२ वर आला. तो शेवटच्या अंकापर्यंत जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही हे आधीच ठरवलं होतं.

लाइटरूम बंद करून डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन्ही डिस्कवर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, पी आणि क्यू. विंडोज इशारा देतं की काही प्रोग्रॅम चालणार नाहीत, तो इथे मान्य करायचा. त्याच बैठकीत डिस्कची नावंही बदलली: ‘फोटो१’ आणि ‘फोटो२’. एक्सफॅट फॉरमॅटमध्ये नाव ११ अक्षरांपुरतंच ठेवता येतं.

लाइटरूम उघडल्यावर अपेक्षेप्रमाणे सगळीकडे प्रश्नचिन्हं. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरवर राइट क्लिक, ‘फाइंड मिसिंग फोल्डर’, आणि योग्य डिस्कवरचा तोच फोल्डर दाखवायचा. पहिल्या डिस्कची चार वर्षं, दुसरीची तीन, आणि दोन ‘अल्बम निवड’, अशा नऊ जोडण्या. वर्षाच्या पोटातले लग्नांचे सगळे उपफोल्डर आपोआप सुधारतात, फोटो एकेक शोधत बसायचं कारण नाही. ‘अल्बम निवड’ जोडल्यावर मात्र दोन्हींतले वीस-वीस फोटो डेव्हलपमध्ये उघडून, ग्रिडमधलं चित्र आणि उघडलेला फोटो एकच आहे ना, हे डोळ्यांनी तपासलं. हळदीच्या जागी हळद आली.

राहिला छोटा कॅटलॉग. त्यातल्या २१४ नोंदींचा पत्ता अजून ‘जी’ होता. तसाच मोठ्या कॅटलॉगमध्ये आणला तर ते पुन्हा परके फोटो म्हणून आत येतील. म्हणून आधी तो छोटा कॅटलॉग स्वतंत्र उघडून त्यातही फोल्डर ‘क्यू’ला जोडला, मग मोठ्यात ‘इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग’. बदललेल्या फोटोंसाठी ‘मेटाडेटा अँड डेव्हलप सेटिंग्ज ओन्ली’ निवडलं आणि जुनी सेटिंग्ज व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाइलची कॅटलॉगमधली आणखी एक नोंद) म्हणून ठेवायची खूण लावली. गिऱ्हाइकाने नवी प्रूफ पाहून होकार दिला होता, म्हणून नवं एडिट मुख्य आणि जुनं कॉपीत. दोन्ही कामं राहिली, आणि आकडा २१४ ने वाढून ८६,५२६ झाला.

उरलेले ३७

‘लायब्ररी’ मेनूतल्या ‘फाइंड ऑल मिसिंग फोटोज’ने शेवटची चाळणी लावली. ३७ फोटोंवर उद्गारचिन्ह. यांचा त्या सकाळच्या पेन ड्राइव्हशी संबंध नव्हता, हे दुखणं जुनं होतं. २८ फोटो कुणीतरी कधीतरी एक्सप्लोररमधून ‘डिलिव्हरी’ फोल्डरमध्ये हलवलेले. उद्गारचिन्हावर क्लिक करून ‘लोकेट’, ‘फाइंड निअरबाय मिसिंग फोटोज’ची खूण तशीच ठेवायची, एक सापडला की त्याच फोल्डरमधले बाकीचे मागोमाग येतात. फोटो हलवायचे किंवा नाव बदलायचं तर ते लाइटरूमच्या आतूनच करावं, म्हणजे पत्ता सोबत बदलतो. इतकी साधी गोष्ट, पण पाठीमागून सापडणाऱ्या उद्गारचिन्हांमागे बहुतेक वेळा हीच असते.

९ फोटो कुठेच नव्हते. त्यांचे स्मार्ट प्रिव्ह्यू होते. स्मार्ट प्रिव्ह्यू म्हणजे लांब बाजू जास्तीत जास्त २५६० पिक्सेलची छोटी डीएनजी (रॉसारख्या फाइलचा एक प्रकार). तिच्यावरून एडिटसकट जेपीईजी काढता येते. ३०० डीपीआयने २५६० पिक्सेल म्हणजे साडेआठ इंच. भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमला ते पुरत नाही, अल्बमच्या पानावरच्या पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला निभावून जातं. नऊच्या नऊ जेपीईजी काढून वेगळ्या ठेवल्या आणि त्या नोंदी लाल लेबल लावून तशाच राहू दिल्या, काढल्या नाहीत.

हाच प्रसंग दुसऱ्या कारणाने आला तर उपाय वेगळा, म्हणून फरक ओळखता यायला हवा. यादीत ड्राइव्हचं नावच करडं झालं असेल तर डिस्क संगणकाला दिसतच नाही: केबल, पोर्ट किंवा वीज. यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतं, आणि स्वतःचा ॲडॉप्टर नसलेल्या हबवर दोन डिस्क लावल्या तर त्या तेवढ्यातच भागवतात. कॉपी चालू असताना डिस्क मध्येच नाहीशी होते ती बऱ्याचदा यामुळे. मॅकवर अक्षरं नसतात, डिस्क नावाने ओळखली जाते. पण नीट इजेक्ट न करता ओढली आणि जुन्या नावाचा रिकामा फोल्डर मागे उरला, तर तीच डिस्क नावापुढे १ लावून येते आणि तिथेही प्रश्नचिन्हं. तिथे डिस्क काढून तो रिकामा फोल्डर हटवायचा आणि परत लावायची. डिजिकॅमसारखं सॉफ्टवेअर मात्र काढघाल होणारी डिस्क तिच्या अंगच्या यूयूआयडी क्रमांकावरून ओळखतं, तिथे अक्षर बदलून बिघडत नाही.

त्यानंतर स्टुडिओत बदललेलं

दोन्ही डिस्कवर मुळाशी एकेक फोल्डर केला, ‘फोटो१ मूळ’ आणि ‘फोटो२ मूळ’, आणि सगळी वर्षं लाइटरूमच्या आतूनच त्यांच्या पोटात ओढली. पुढे कधी पत्ता बदललाच तर नऊऐवजी दोनच जोडण्या. ‘अल्बम निवड’ हा फोल्डर बंद केला. निवडलेल्या फोटोंसाठी आता कलेक्शन, त्यात फाइलची प्रत बनत नाही. इम्पोर्ट करतानाच फाइलच्या नावापुढे तारीख लागते, म्हणजे ०००१ पुन्हा आला तरी नाव पुन्हा येत नाही. कॅटलॉगचा बॅकअप आधी कॅटलॉगच्या शेजारीच पडत होता, तो आता ‘फोटो२’वर जातो. या बॅकअपमध्ये फोटो नसतात, हे भाच्याला या निमित्ताने पहिल्यांदा कळलं, आणि बाजारात कितीतरी स्टुडिओंना ते अजून माहीत नसावं.

फोटोंची दुसरी प्रत म्हणून आणखी दोन डिस्क घेतल्या, फोल्डरची रचना तंतोतंत तीच. त्या मामांच्या कळव्याच्या घरी असतात. भरलेले सुमारे २ टीबी साध्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने जायला साडेपाच तास लागतात, म्हणून पहिली कॉपी रात्री लावली.

शेवटी तालीम घेतली. ‘फोटो१’ काढून कपाटात ठेवली, कळव्याहून आणलेली तिची जोडीदार लावली, डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला ‘पी’ दिलं आणि लाइटरूम उघडलं. एकही प्रश्नचिन्ह आलं नाही. लेझीमचा फोटो उघडून बघितला, लेझीमच निघालं.